धावणारीचा उन्हाळा

तुम्ही आखातात राहत असाल तर हे तुम्हाला नवीन नाही. जूनमधली पहाट, पाचचा सुमार. इमारतीच्या लॉबीचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि दोन मिनिटं काहीच दिसत नाही. पारा तेव्हाच तिशीच्या वर असतो, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. अशा हवेत मी शारजाच्या खालिद लगूनच्या काठाने धावायची. घरी परतले की नवरा विचारायचा, "पोहून आलीस की काय?"

आता मी जूनमध्ये फारशी धावत नाही. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून सांगते.

माझी सुरुवात दुबईतल्या अनेकांसारखीच झाली. 2017 पासून इथे दर वर्षी 'दुबई फिटनेस चॅलेंज' असतं: 30 दिवस, रोज 30 मिनिटं व्यायाम. ऑफिसातल्या चौघी-पाचजणींनी मिळून नाव घातलं. बाकीच्या तिसाव्या दिवशी थांबल्या, मी थांबले नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये पहिली 'दुबई रन' झाली, तेव्हा शेख झायेद रोडवर धावले. ज्या रस्त्यावर एरवी गाडीतून उतरायचीही सोय नाही, त्याच्या मधोमध आपण आपल्या पायांनी चाललोय, याची नशा काही औरच होती. त्या नशेतच फेब्रुवारी 2020 च्या रास अल खैमा अर्धमॅरेथॉनचं नाव नोंदवून टाकलं. 21 किलोमीटर. तोवर मी 10 च्या पुढे कधी गेले नव्हते.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. अंतर भराभर वाढवलं, रोज धावायला लागले, दुसरं काहीच केलं नाही. डिसेंबरात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. आधी पाचव्या किलोमीटरला, मग दुसऱ्या, मग जिना उतरताना. ज्या दिवशी मी धावणार होते त्याच दिवशी रास अल खैमात इथिओपियाच्या अबाबेल येशानेहने 1 तास 4 मिनिटं 31 सेकंदांत महिलांचा विश्वविक्रम केला. मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बातम्या पाहत होते.

फिजिओथेरपिस्ट बाई केरळच्या होत्या. त्यांनी गुडघ्याला हातही न लावता एक खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "बसा. आता हातांचा आधार न घेता, एका पायावर उठा." मला उठता आलं नाही. डाव्या पायावर कशीबशी उठले, उजव्यावर नाहीच. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणारी बाई एका पायावर खुर्चीतून उठू शकत नव्हती! त्यांनी समजावलं ते साधं होतं. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पायावर येतो. तो खुब्याच्या आणि मांडीच्या स्नायूंनी पेलायचा असतो. ते कमजोर असले की गुडघा आत कलतो, आणि हजारो पावलं तसाच कलत राहिला की दुखायला लागतो.

मला मात्र वजनांची भीती वाटायची. पाय जड होतील, दम कमी होईल. या भीतीला थोडा आधार आहे, पण तो उलट्या बाजूने. 1980 मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने तीन गट केले: एक फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, दुसरा फक्त दमसासाचा, तिसरा दोन्ही करणारा. दहा आठवड्यांनी दिसलं असं, की दोन्ही करणाऱ्यांचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला होता. ताकद मात्र सात-आठ आठवडे वाढून मग अडकली आणि शेवटी थोडी घसरली. म्हणजे नुकसान झालं ते ताकदीचं, दमाचं नाही. आणि ती माणसं आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम करत होती. तुमच्या-माझ्यासारख्या नोकरी, डबे आणि मुलांचे क्लास सांभाळणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा डंबेल उचलले तर धावण्याचं काही बिघडत नाही.

मार्चमध्ये कोविडने सगळं बंद केलं. घरात होती एक खुर्ची आणि पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या. तेवढ्यावर सुरू केलं. गुडघा चार महिन्यांत सुधारला. गुडघा सुधारताच मी पुन्हा फक्त धावायला लागले, कारण मला आवडतं ते तेच.

मग 2022 च्या पावसाळ्यात सांगलीहून फोन आला. आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय 74. मी मिळेल त्या विमानाने मुंबई गाठली आणि पुढे गाडीने सांगली. रस्ताभर एकच प्रश्न डोक्यात होता: ही तर रोज चालणारी बाई! गणपतीच्या देवळापर्यंत रोज पायी जाणं-येणं, वर्षानुवर्षं. मग कसं?

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगा यायला लागला. वॉकर धरून चालणं जमल्यावर एक दिवस त्याने खुर्ची पुढे ओढली. "आजी, आता हात न टेकता उठायचं." मी दारात उभी होते. आईला उठता आलं नाही. ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं.

चालण्याने तिचं हृदय, साखर, मन सगळं ठीक राहिलं होतं. ओझं उचलणं मात्र वीस वर्षांपूर्वीच सुटलं होतं. नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, मुलं परदेशी गेली. स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होतच असतात, आणि चालणं किंवा धावणं एकट्याने ते थांबवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. 65 च्या पुढच्यांना तर तोल आणि ताकदीचा व्यायाम तीन दिवस करायला सांगितलं आहे. आपण मात्र म्हाताऱ्या माणसांना "जरा फिरून या" एवढंच सांगतो.

शारजाला परतले तेव्हा आमचं ठरलं होतं. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी बोटिमवर व्हिडिओ कॉल लावायचा, ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. ती दोन पायांवर उठते, मी एका. मोजायचं काम तिचं. मी वेळ चुकवली की म्हणते, "काय गं, माझं हाड मोडलंय, तुझं काय झालंय?"

आता माझं वर्ष इथल्या हवेनेच आखून दिलंय. ऑक्टोबर ते मार्च धावण्याचे तीन दिवस, ताकदीचे दोन. लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी पायांना वजन नाही. ज्या दिवशी जोरात धावते त्याच संध्याकाळी वजनं उचलते, म्हणजे दुसरा दिवस खराखुरा विश्रांतीचा मिळतो. एप्रिलनंतर हे उलटतं: ताकद तीन दिवस, धावणं दोन, तेही बहुतेक ट्रेडमिलवर. ऑगस्ट 2025 मध्ये दुबईच्या मॉलमध्ये सकाळी चालण्या-धावण्याची सोय झाली, तिथेही जाऊन आले. पोहण्याचं म्हणाल तर आमच्या इमारतीचा तलाव ऑगस्टमध्ये चहा टाकण्याइतका गरम होतो, म्हणून एका हॉलमध्ये बॅडमिंटन खेळते. धावताना आपण सतत सरळ रेषेत असतो. बॅडमिंटनमध्ये आडवं पळायचं, वाकायचं, थबकायचं. पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्यांनी असहकार पुकारला होता. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी साताऱ्याची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची, हे आठवून मी स्वतःला धीर देते.

इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला कायद्याने बंदी आहे. तीन वाजता समोरच्या बांधकामावर माणसं परत चढताना दिसतात. या उन्हात घाम गाळायचा की नाही हे मला ठरवता येतं, त्यांना नाही. त्यामुळे जूनमध्ये हट्टाने धावण्यात मला आता शौर्य वाटत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये रास अल खैमा पुरी केली, 2 तास 24 मिनिटांत. गुडघा दुखला नाही. आईला फोन केला तर तिने वेळ विचारलीच नाही. म्हणाली, "मी आज हात न टेकता दहा वेळा उठले."

तुम्ही आत्ता हे खुर्चीत बसून वाचत असाल, तर एकदा हात न टेकता उठून बघा. मग एका पायावर, शेजारी भिंत ठेवून. आणि घरी फोन कराल तेव्हा "फिरायला जाता ना?" याच्या पुढे हेही विचारा.