विलोवेमॉकच्या काठी

न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत, विलोवेमॉक ओढ्याकाठी लिव्हिंग्स्टन मॅनर हे लहानसे गाव आहे. ट्राउट मासा भुलावा म्हणून गळावर पिसे व रेशमी दोरा गुंडाळून कीटक ‘बांधण्याची’ कला या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते. तिचे संग्रहालयही येथे आहे. थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) हा तिचा अध्वर्यू. क्षयाने जर्जर असूनही नेव्हरसिंक नदीच्या एकांतात तो असे गळ बांधीत राहिला.

बांधणीच्या मेजांभोवती मला पिकल्या केसांची मंडळीच अधिक दिसली. गळ चिमट्यात घट्ट बसवलेला असल्याने कापऱ्या हातालाही आधार मिळतो. बोटांना हा व्यायाम मानवणारा आहे. सांधे आखडलेल्यांनी मात्र मधूनमधून हात मोकळे करावेत.

चिंता वेगळीच आहे. जड डोक्याचे ‘जिग’ ओतण्यासाठी कित्येक हौशी माणसे घरीच शिसे वितळवतात. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्याची वाफ आणि धूळ मेंदूस व मूत्रपिंडांस बाधते, नातवंडांना तर सर्वाधिक. स्वयंपाकघरात हा उद्योग मुळीच नको! टंगस्टनचे तयार मणी महाग पडतात, तरी तेच आणावेत. शिशाच्या लहान वजनांची विक्री या राज्याने २००४ मध्ये बंद केली. पण ती लून नावाच्या पाणपक्ष्यांच्या जिवासाठी.