हजारातली एक वीट

आजोळच्या घराची मागची भिंत यंदाच्या पावसात बसली. ढिगाऱ्याला ओल्या मातीचा आणि जुन्या धुराचा वास येत होता. मामा म्हणाला, "आठवण म्हणून ने एखादी वीट." मला हवी होती ती वीट न्हाणीच्या भिंतीत, आणि ती भिंत अजून धड उभी आहे.

त्या विटेवर कुत्र्याचा पंजा होता. आंघोळीला बसलं की बरोबर डोळ्यांसमोर. त्या चार खळग्यांत मी बोटं घालून बसायचो आणि बाहेरून आजी ओरडायची, "पाणी निवतंय!" कुत्रं भिंतीवर चढलं कसं, हे मी तिलाच विचारलं होतं. "चढेल कशाला? वीट तेव्हा आडवी होती," एवढंच ती म्हणाली. पुढे मोठ्या मामाने न्हाणीला सिमेंटचा गिलावा केला. स्वच्छ दिसतं म्हणे. त्या गिलाव्याला मी अजून माफ केलेलं नाही.

सिंधमधल्या चन्हुदारोला १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं, तेव्हा हडप्पा काळातली अशीच एक वीट मिळाली. पुढे मांजर, मागे कुत्रं. मांजराच्या ठशावर कुत्र्याचा ठसा थोडा चढलेला, आणि पंजे इतके खोल नि फाकलेले की दोघंही जीव खाऊन पळत होती, असं मॅके यांनी ताडलं. मांजराचं पुढे काय झालं, यात मला फारसा रस नाही. मला तो वीट पाडणारा दिसतो. ओली वीट होती. पुन्हा साच्यात थापता आली असती. त्याने ती तशीच भाजली.

का, ते मला रायगडातल्या एका भट्टीवर समजल्यासारखं वाटलं. तिथे कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन येतात आणि पुढच्या पावसापर्यंत राबतात. मजुरी हजार विटांमागे. अवकाळी पावसात विरघळलेली वीट हिशेबात नाही, मोडलेली नाही. अर्धवट सुकलेल्या विटा कडेवर उभ्या करायचं काम पोरांकडे, त्यामुळे पावलं उमटणारच. मुकादम अशा एका विटेपाशी थबकला, तर विटा पाडणारी बाई हातातला साचा खाली न ठेवताच म्हणाली, "पाय पोराचा हाय, वीट कुठं मोडलीय? धरा हिशेबात."

त्याने धरली.