परदेशातला सण

आमच्या आईच्या भूगोलात वाईचा एस्. टी. स्टँड ओलांडला की परदेश सुरू होई. त्यामुळे मी नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागलो आणि आचोळ्याला तळ्याजवळ एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिने गावभर सांगितले, की धाकटा परदेशी गेला. मॅट्रिक आणि वर चित्रकलेची पदविका, एवढ्या शिदोरीवर गेलेला माणूस आणखी किती लांब जाणार! पण पहिल्या वर्षी मला तिचेच म्हणणे खरे वाटले. भल्या पहाटे लोकल गाठायला आचोळ्याच्या रस्त्याने जी माणसे पळत, त्यांत माझ्या ओळखीचे कोणी नसे.

ही गोष्ट २००३ सालची. तेव्हा वसई तालुका ठाणे जिल्ह्यातच होता; पालघर जिल्हा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मी दिवाळीलाही घरी गेलो नव्हतो. थोरल्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बोलाचाली झाली होती, आणि आपण रागावलो आहोत हे कळवण्याचा न जाणे हाच एक मार्ग मला ठाऊक होता. लक्ष्मीपूजनाला खोलीत एकच पणती लावली आणि वाण्याकडून आणलेला चिवडा खाल्ला. तो खवट होता. भांडणात आपली बाजू खरी असली तरी खवट चिवडा खाताना ती फारशी उपयोगी पडत नाही.

हे आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना कसे कळले कोण जाणे. डिसेंबरात ते म्हणाले, “ड्रॉइंग सर, नाताळला आमच्याकडे या. पोरांना गोठा करायचाय, तुमचा हात लागेल.” कामाचे निमित्त काढून बोलावणे ही मोठी युक्ती असते. नुसते ‘या’ म्हटले असते तर मी गेलो नसतो.

त्यांचे घर निर्मळच्या बाजूला. निर्मळ म्हणजे एकीकडे शंकराचार्यांचे मंदिर आणि त्याची कार्तिकातली जत्रा, तर दुसरीकडे पवित्र क्रूसाचे चर्च. सोपाऱ्याहून बस निघाली आणि दहा मिनिटांत इमारती संपून केळी, विड्याची पाने आणि विहिरी सुरू झाल्या. अंगणात मास्तरांच्या आई लाल लुगडे नेसून सुपात तांदूळ पाखडत होत्या. घरातली माणसे आपापसांत कादोडी बोलत. मला निम्मे कळे, निम्मे निसटे. माझ्याकडे वळली की मात्र सगळी एकदम पुस्तकी मराठीवर येत, जणू माझ्यासाठी पायांत वहाणा घालून येत आहेत. पुढे त्या वहाणा गळून पडल्या आणि मीही थोडी कादोडी शिकलो. पण ते पुढचे.

जेवणाविषयी वाचकांना कुतूहल असेल. केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, रस्सा, करंज्या, कलकल आणि आगाशीची सुकेळी. मी शाकाहारी नाही. तरी पहिला घास घेताना मनात आईचा चेहरा आला, हे कबूल केले पाहिजे. तिला मी हे कळवले नव्हते. मास्तरांच्या आईंनी तो घास बघितला असावा. “सुकेळं आधी खा,” एवढेच त्या म्हणाल्या. सुकेळ्याला कुठल्याच घरची अडचण नसते.

दुपारी गोठ्याचे काम सुरू झाले. येशूच्या जन्माचा तो गोठा नाताळात घरोघरी करतात. पोरांनी वाटीत गहू पेरून हिरवे कोंब तयार ठेवले होते. पेंढा होता, बांबूच्या कामट्या होत्या. मी गोणपाट मागितले, ते गेरू आणि मातीच्या पाण्यात बुडवले आणि विटांवर अंथरून डोंगर केला. हाताला सवय होती. आमच्या अंगणात दिवाळीचा किल्ला असाच होई. हात चालत राहिला आणि पाहतो तो डोंगराच्या टोकावर मी मातीचा बुरूज उभा केला होता! वर झेंड्याची काडीसुद्धा.

धाकटी पोर म्हणाली, “सर, बेथलेहेमला किल्ला?”

मी ओशाळलो. ओटीवर मास्तरांचे वडील बसले होते. जन्मभर वाडीची फुले पहाटेच्या गाडीने दादरला नेऊन विकलेला माणूस. ते म्हणाले, “राहू द्या. हेरोद राजाचा म्हणा.”

सगळे हसले. एवढ्यात मास्तरांच्या आईंनी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या मूर्ती आणल्या. मेंढ्या, मेंढपाळ, योसेफ. शेवटी कडेवर मूल घेतलेली मरियामाता. ती हातात घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेले, “ही आमच्या गावाला आहे.”

मग सांगावेच लागले. माझे गाव मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि घाटावर एक मोठी घंटा. तिच्यावर मूल घेतलेली बाई कोरलेली आहे. आमची आजी तिला यशोदा म्हणे आणि कुंकू लावी. मोठेपणी मला कळले, की ती घंटा वसईची. १५३४ पासून इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून वर घाटावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला आणि एक आमच्याकडे. शाळेत वसईचा धडा वाचताना मी ताठ बसत असे. इथे गोठ्यापुढे बसून तोच धडा सांगताना मात्र आवाज खाली खाली जाऊ लागला. जेवलेल्या घरी असे बोलायचे असते का?

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतले. बराच वेळ गेला. मग म्हणाले, “वाजते का अजून?”

“वाजते.”

“मग बरं आहे,” ते म्हणाले आणि विडा लावू लागले.

रात्री चर्चच्या पटांगणात मिस्सा झाली. मराठीतच. थंडीत मागच्या रांगेत बसून मी घंटेचा नाद ऐकत होतो आणि आमच्या घंटेचा असाच होता का, ते आठवत होतो. सकाळी कुवेतहून मास्तरांच्या थोरल्या भावाचा फोन आला. “माझ्या जागेवर कोण बसलंय?” असे त्यांनी विचारले. दिवाळीत त्यांना तिथे एका सातारकराने फराळाला नेले होते म्हणे. म्हाताऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ठेवताना विचारले, “तुमच्या भावाकडे आहे का फोन?”

तो फोन मी त्या दिवशी केला नाही. जानेवारीत केला, तोही पाहुण्यांच्या निमित्ताने. मे महिन्यात मास्तरांच्या आईवडिलांना घंटा बघायची होती.

वाईच्या स्टँडवर दादा उभा होता. सहा महिन्यांत आम्ही समोरासमोर एक शब्द बोललो नव्हतो. त्याने आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडून घेतले, मग माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. वाटणीचे पुढे झाले ते झाले. मला हवे तसे झाले नाही.

घाटावर म्हाताऱ्यांनी टोपी काढली. कोरलेल्या आकृतीवरून हात फिरवला, बोटाच्या पेराने घंटेला हलकेच टिचकी मारली आणि कान लावून उभे राहिले. मास्तरांच्या आईंनी ओल्या फडक्यातून वाडीतला मोगरा आणला होता. इतक्या प्रवासात निम्मा काळा पडला होता.

“यशोदेला वाहायचा का?” माझ्या आईने विचारले.

“हो,” त्या म्हणाल्या.

दोघींनी मिळून तो वाहिला. मग आईने सूर्याकडे पाहिले आणि म्हणाली, “चला आता. मघाशी उतरवलेला भात आहे, निवून जाईल.”