दोन बोटी आणि एक एक्सेल शीट

गेले तीन वीकेंड एकाच प्रश्नात गेले: बोट कुठली घ्यायची? मिनेटोंका तळं घरापासून वीस मिनिटांवर, मुलगी सहा वर्षांची, आणि बायकोचा धीर संपत आलेला. चाळून चाळून उरल्या दोन. दोन्ही १९ फुटी बोरायडर, म्हणजे पुढच्या टोकालाही बसायची सोय. किंमत जवळपास तीच. फरक फक्त इंजिनाचा. एकीचं आउटबोर्ड, मागे बाहेर लटकलेलं. दुसरीचं स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन पोटात.

मिनेसोटात हा फरक किरकोळ नाही. पोटातल्या इंजिनात तळ्याचं पाणी राहिलं तर थंडीत ते गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. म्हणजे दर ऑक्टोबरात पाणी काढा, अँटिफ्रीझ भरा, मेकॅनिकचं बिल भरा. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की पाणी आपोआप गळून जातं. माझ्या एक्सेल शीटमध्ये अर्थातच तेच जिंकलं.

घेतली मात्र दुसरी. तिच्या मागे सलग रुंद फळी आहे. आउटबोर्डवालीत मधली जागा इंजिनच खातं. आई दोन वर्षांतून एकदा नाशिकहून येते. गुडघे गेलेत, पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घालून पाण्यात पाय सोडून बसेल तर तिथेच. तेही इंजिन बंद असतानाच, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड मागेच साचतो. हे मुलीकडून पाठ करून घेतलंय.

आई जूनमध्ये येतेय. फोनवर तिने एवढंच विचारलं, "होडीत चपला काढायच्या का रे?"