पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

मॉरिशसला जाऊन आलो म्हटलं की आपल्या मंडळातली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो बीचचा. कुठल्या रिझॉर्टला उतरलात, पाणी खरंच फोटोत दिसतं तसं निळं आहे का, आणि 'ऑल इन्क्लुझिव्ह' होतं का? तर पाणी निळं आहे, अगदी फोटोतल्यासारखं निळं आहे, आणि त्याबद्दल आम्ही इथे याहून जास्त लिहिणार नाही. आम्ही राहिलो पोर्ट लुईत, म्हणजे राजधानीत, बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे राहणारे टुरिस्ट तसे कमीच. दिवसभर ऑफिसं आणि दुकानं गजबजलेली, आणि संध्याकाळी सहाला सगळं शहर शटर ओढून घरी जातं.

हे शहर निवडलं ते आईंमुळे. आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इंग्लंडला आल्या होत्या आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला चिपळूणला परत जायच्या होत्या. त्यांना वाळूत बसवून करायचं काय? त्यांना माणसं लागतात, भाजीबाजार लागतो, देऊळ लागतं. शिवाय (हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल) भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. इंग्लंडच्या व्हिसासाठी आईंची बँकेची स्टेटमेंट्स, घराचे कागद, आमच्या पगाराच्या स्लिपा असं बाड जोडावं लागलं होतं. इथे काउंटरवरच्या मुलीने शिक्का मारला आणि हसून हिंदीत 'नमस्ते' म्हटलं. आई म्हणाल्या, "हे बरं आहे. इथेच घ्यायचं होतंत घर."

लंडनहून बारा तासांचं फ्लाइट. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि पोर्ट लुई वायव्येला, त्यामुळे पहिल्या तासाभरातच अख्खं बेट तिरकं ओलांडून होतं. बेट तरी केवढं? रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढं. दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. तोडणीचा हंगाम चालू होता. मध्येच उसाच्या फडात काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसायला लागले, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, पिरॅमिडसारखे रचलेले. लेकीला वाटलं, कसलं तरी स्मारक असेल. ड्रायव्हर म्हणाला, जमीन उसाखाली आणताना मजुरांनी हाताने वेचून काढलेले दगड आहेत ते. आई खिडकीला नाक लावून बघत होत्या. "अरे, हा तर आपल्या घाटातला कातळ!"

आम्ही हसलो. पण रात्री लेकीने फोनवर शोधाशोध केली आणि आम्हालाच गप्प केलं. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा आला, तीच जागा पुढे, भूखंड उत्तरेला सरकत गेल्यावर, समुद्रातून बेटं वर काढत राहिली. मॉरिशस त्यातलंच, ऐंशी-नव्वद लाख वर्षांचं, म्हणजे तसं लेकरूच. आज ती जागा शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगते आहे. तेव्हा आईंचं चुकलं नव्हतं. सह्याद्रीचा आणि या दगडाचा उगम एकच.

शहराचं पहिलं दर्शन होतं ते डोंगरांसकट. समोर बंदर आणि पाठीला उभे कडे, त्यात एक अंगठ्यासारखा 'ल पूस' (चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये त्यावर चढला होता), आणि एक 'पीटर बोथ', ज्याच्या शेंड्यावर माणसाच्या डोक्यासारखा धोंडा. लोक सांगतात, तो एक दूधवाला. पऱ्यांचा नाच बघितला, कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं, आणि सांगून बसला. झाला दगड. आई म्हणाल्या, आमच्याकडे असते तर अर्धी आळी दगड झाली असती.

तुम्ही ट्रॉपिकल म्हणून घामाची तयारी करून जाल, तर ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा असतो हे लक्षात असू द्या. पोर्ट लुईत सुती कपड्यावर भागतं, पण मेट्रोने वर क्युर्पिपला गेलो तर झिमझिम पाऊस आणि बोचरा वारा. (मेट्रो झकास आहे, आणि बांधली आहे आपल्या लार्सन अँड टुब्रोने. ही माहिती आईंनी डब्यातल्या तीन अनोळखी लोकांना दिली.) त्यांची शाल बॅगेत होती म्हणून निभावलं. आणखी एक गंमत: मुंबई विषुववृत्ताच्या जेवढी उत्तरेला, साधारण तेवढंच पोर्ट लुई दक्षिणेला. त्यामुळे झाडं सगळी ओळखीची, म्हणजे फणस, आंबा, शेवगा, चिंच. पण भर दुपारचा सूर्य उत्तरेला! सावली भलत्याच बाजूला पडते आणि दिशांचा हिशेब चुकत राहतो. रात्री गच्चीवर गेलो तर वृश्चिक थेट डोक्यावर, आणि चिपळूणला उन्हाळ्यात क्षितिजाला टेकलेला दिसणारा त्रिशंकू इथे चांगला हातभर वर.

भाषेचा तर सगळा आनंदच. कोर्टकचेरी इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि तोंडात क्रिओल. एकच माणूस एका वाक्यात तिन्ही वापरतो. आमच्या ड्रायव्हरने विचारलं, "तुम्ही हिंदू की तमिळ?" आम्ही म्हटलं, मराठी. "अच्छा, म्हणजे हिंदू नाही, मराठी!" आम्ही बघतच राहिलो. तिथे बोलीत 'हिंदू' म्हणजे बिहारकडून आलेल्यांचे वंशज. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे वेगळे मोजतात. मग तो ऐटीत म्हणाला, "मीपण मराठी." आईंनी लगेच त्याला गाव विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. मराठी आहे हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं, जसं आपल्याला आपलं रक्तगट ठाऊक असतं. मागच्या सीटवरून लेक इंग्रजीत म्हणाली, "मला भाषा कळते, पण कुणी विचारलं तर मी ब्रिटिश सांगते. याला कळत नाही आणि हा मराठी सांगतो. मग जास्त मराठी कोण?" तिला उत्तर हवं होतं. आम्ही दोघांनी बाहेरच्या उसाकडे बघितलं.

सेंट्रल मार्केटच्या लोखंडी दरवाज्यावर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं अजून आहेत. आत शिरलात की थेट दादर. भाज्या आपल्याच, नावं मात्र ऐकावीत. भेंडी म्हणजे 'लालो', कारलं 'मार्गोझ', दोडका 'पिपंगाय', शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम' आणि कढीपत्ता 'कारीपुले'. शेवटच्या दोन नावांत तमिळ डोकावतं हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 'गातो पिमा' म्हणून पावात घालून देतात तो शुद्ध डाळवडा. 'आलुदा' म्हणजे सब्जा घातलेला आपला फालुदा. आणि 'धोल पुरी'! पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून, पोळीत भरून पातळ लाटलेली, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं तोंडीलावणं आणि मिरची. नेहमी दोन मिळतात, मागायच्याच 'एन पेर', एक जोडी. आईंनी पहिला घास घेऊन निकाल दिला: "पुरणपोळीच आहे. गूळ बोटीतून उतरवायला विसरले." गुळाच्या देशात हे व्हावं! पण दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याला त्यांना दुसरं काही चालेना.

फुलं आणि पूजेचं सामान विकणारी एक बाई त्याच बाजारात भेटली. साठीची असेल. आईंच्या गळ्यातल्या काळ्या पोतीकडे बघून म्हणाली, "तुमी मराठी काय?" पुढचा अर्धा तास आम्ही तिघं पिशव्या धरून उभे. तिचं मराठी शाळेतलं. तिकडे सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. आरत्या तिला एकूण एक पाठ, आपल्या मंडळात निम्म्या लोकांना दुसऱ्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवावे लागतात तसं नाही. पण 'केवढ्याला दिलं' हे तिला मराठीत सांगता येईना. आकडे आले की ती फ्रेंचमध्ये घसरायची. गणेशचतुर्थीची तिथे देशभर सरकारी सुट्टी असते हे तिने अशा काही तोऱ्यात सांगितलं की आम्हाला आमच्या ऑफिसातला अर्धा दिवसाचा लीव्हचा अर्ज आठवला.

कोडान वॉटरफ्रंट, १८४७ ची जगप्रसिद्ध तिकिटं, १८१२ पासूनचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, हे सगळं पाहिलं. त्याची वर्णनं कुठल्याही गाइडबुकात मिळतील. लिहायचं आहे ते आप्रवासी घाटाबद्दल.

बंदराच्या कडेला, मोटारींच्या आवाजात, काळ्या दगडाच्या थोड्या भिंती आणि सोळा पायऱ्या. बस, एवढंच. गुलामगिरी बंद झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. इंग्रजांनी ते हिंदुस्थानातून करारावर आणायचा प्रयोग इथे सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून छत्तीस जण उतरले. पुढच्या पाऊणशेहून अधिक वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं आली, कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबईहून. मुंबईच्या बोटीत कोकणातले पुष्कळ. १८४९ मध्ये बांधलेल्या या आगारातून प्रत्येकाला पुढे जावं लागे. नाव जसं ऐकू येईल तसं वहीत, मग एक नंबर, दोन-तीन दिवस मुक्काम, आणि बैलगाडीने किंवा पायी मळ्यावर. म्हणून तिकडच्या आडनावांत आपली ओळखीची आडनावं फारशी सापडत नाहीत. पणजोबांचं नुसतं नाव तेच पुढच्यांचं आडनाव झालं. पूर्वी याला 'कुली घाट' म्हणत. २००६ मध्ये युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं.

आई पायऱ्यांसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग गाइड मुलीला विचारायला लावलं, करार किती वर्षांचा असायचा? पाच वर्षांचा, ती म्हणाली. आणि मग परत गेले का? काही गेले, बहुतेक राहिले.

आई आमच्याकडे वळल्या. रागाने नाही, दुधाचा हिशेब सांगावा तशा म्हणाल्या, "तुम्हीपण पाचच वर्षं सांगितली होतीत."

१९९९ साली सहार विमानतळावर सांगितली होती, ते खरं आहे. तेव्हा बाबा होते. आमचा करार चांगला होता, पगार चांगला होता, आमचं नाव कुणी चुकीचं लिहिलं नाही (फार चुकीचं तरी), त्या माणसांच्या हालांशी आमची तुलना करणंही बरं नाही. पण गेली काही वर्षं आम्ही दोघं ज्या विषयाच्या कडेकडेने चालत होतो, तो असा चारचौघांत उघड्यावर आला. वयस्क आईवडिलांना कायमचं ब्रिटनमध्ये आणायचे नियम २०१२ पासून किती कडक झाले आहेत हे या अंकाच्या बऱ्याच वाचकांना अनुभवाने माहीत आहे. आम्ही ते आईंना समजावून सांगायला लागलो. "अरे, मी कुठे यायचं म्हणते?" त्या म्हणाल्या. "तिथे मला माझी गल्ली आहे. मी नुसतं मोजते आहे." आणि गाइडकडे वळून म्हणाल्या, "इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल, विचार."

शेवटच्या आदल्या संध्याकाळी फुलवाल्या बाईने देवळाच्या हॉलवर बोलावलं. गणपती तीन-चार आठवड्यांवर आले होते आणि मुलांची 'झाकरी'ची तालीम चालली होती. गोल रिंगण, ढोलकी, पायात घुंगरू. आई खुर्चीवरून उठल्याच. "ही आमची जाखडी!" चिपळूणकडे गणपतीत बाल्ये नाचतात तीच, फक्त इथे मुलीही होत्या. गाणी तोंडातोंडी आलेली, उच्चार थोडे गोलाकार झालेले. लेकीच्याच वयाच्या एका मुलीने तिला इंग्रजीत विचारलं, आम्ही जे म्हणतो त्याचा अर्थ तुला येतो का? आमची कन्या, जिने घरी गेल्या चार वर्षांत मराठी प्रश्नाला मराठीत उत्तर दिलेलं नाही, ती गुडघे दुमडून जमिनीवर बसली आणि एकेक शब्द सांगायला लागली. दोन आले. तिसऱ्याला अडली आणि ओरडली, "आजी, 'दिंडी' म्हणजे एक्झॅक्टली काय?" आजी आणि नात मग तासभर दिसल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर पाणी हवंय का विचारलं तर उत्तर इंग्रजीतच आलं, तेव्हा चमत्कार वगैरे झाला असं कुणी समजू नये.

आई ठरल्याप्रमाणे ऑगस्टच्या शेवटी चिपळूणला गेल्या. ७ सप्टेंबरला गणपती बसले. नंतर त्यांच्याकडून आम्हाला एक व्हिडिओ आला. तो बाजारातल्या बाईने त्यांना परस्पर पाठवलेला होता. त्यात समुद्र, गुडघाभर पाण्यात माणसं, रिंगण आणि घुंगरांचा आवाज. खाली आईंनी लिहिलं होतं: "पावलं बरोबर पडताहेत. तिसऱ्या कडव्यात एक शब्द चुकतोय, तो मी त्यांना कळवला आहे. पोरीला दाखवा."