लाल शाईचा कोपरा

आईच्या दवाखान्याच्या पिशवीला आमच्या घरी देवघराखालोखाल मान. कापड दुकानाची पिशवी, एक बंद तुटलेला. आत वीसेक वर्षांचे केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, एकमेकांना चिकटलेल्या एक्स-रेच्या फिल्म्स. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे तिचं एक पिवळं कार्ड असे. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत लिहिलेलं : सल्फा चालत नाही. कंपाउंडर कार्ड काढून देई. डॉक्टर आधी तो कोपरा बघत, मग आईकडे.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. नव्या ठिकाणी सगळं संगणकावर. पहिल्या दिवशी बाहेर येताच आई म्हणाली, "डॉक्टर हुशार हाय रे, पण त्यानं माझं तोंडच बघितलं नाही."

मात्र गेल्या वर्षी रात्री दीडला तिला दम लागला, तेव्हा गडबडीत पिशवी घरीच राहिली. दवाखान्यात मोबाईल नंबर टाकताच आठ महिन्यांपूर्वीचा ईसीजी पडद्यावर आला. जुना-नवा शेजारी ठेवून पाहिले आणि उपचार लगेच सुरू झाले. पिशवी असती तरी तो कागद शोधताना माझे हात कापले असते.

त्याच पडद्यावर ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' असं होतं. घाईत कुणीतरी पुढं सरकण्यासाठी ते दाबलं असणार. कागदावरची कोरी जागा कोरीच दिसते, आपण विचारतो. संगणक तिथं ठामपणे 'नाही' म्हणतो, आणि मग कुणी विचारत नाही. मला या यंत्राची भीती वाटते ती एवढ्याचसाठी.

कागदाचे गोडवे मी गाणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं अख्खी घरं ढिगाऱ्यात गेली, तिथं कागदाची काय कथा. पण नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर सायबर हल्ल्यानं बंद पडले, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकाला कित्येक दिवस हातानं केसपेपर लिहावे लागले. म्हणजे पेन खिशात हवंच.

आता आईचा चौदा अंकी 'आभा' आरोग्य क्रमांकही निघालाय. उदगीरचा रिपोर्ट लातुरात दिसेल, अशी त्यामागची कल्पना. चांगलीच आहे, फक्त उदगीरला कुणीतरी तो नीट भरलेला आणि जोडलेला हवा. शिवाय माहिती आपली असली तरी किल्ली दुसऱ्याकडे. रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावीत, असं मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम सांगतो, पण मागतं कोण?

त्या रात्री मी सल्फाचं सांगितलं म्हणून रकाना बदलला. पुढच्या खेपेला तुम्हीही डॉक्टरांना पडदा जरा इकडं वळवायला सांगा, आणि तुमच्या त्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा.