ताराबाईंच्या घरी काय बिनसलं होतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुणालाही जिल्ह्याविषयी विचारा, तीन नावं लगेच येतात. शेगावचे गजानन महाराज, जिजाऊंचं सिंदखेडराजा आणि लोणारचं सरोवर. मी चिखली तालुक्यातल्या उंद्रीची. मलाही ही तीन नावं पाठ होती. चौथं नाव कॉलेजात असताना एका पुस्तकात भेटलं : ताराबाई शिंदे.

१८५० साली बुलढाण्यात जन्मलेल्या या बाईंनी १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. किंमत नऊ आणे. त्यात त्यांनी बायकांवर घेतले जाणारे आरोप एकेक करून उचलले आणि पुरुषांच्या समोर ठेवले. बायको मेली की पुरुषाने लगेच दुसरी आणावी, आणि नवरा मेला की बाईने जन्मभर कोपऱ्यात बसावं, हे कसं? पुरुषांनी साहेबी कपडे घालावेत आणि धर्म सांभाळायची जबाबदारी मात्र बाईची, हे कसं? त्या शास्त्रांना प्रश्न विचारतात, देवांनाही सोडत नाहीत. भाषा अशी, की समोर बसून कुणी फडाफडा बोलतंय असं वाटावं.

गेली दोन वर्षं मी त्यांच्यावर एक लघुकादंबरी लिहितेय. नोकरी सांभाळून, बरीचशी मोबाइलवरच. आणि मसुदा वाचणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. वेब सिरीजसाठी लिहिणारा माझा मित्र म्हणाला, “सगळं ठीक आहे, पण हिची बॅकस्टोरी काय? एवढी चिडली म्हणजे हिच्यासोबत काहीतरी झालं असणार ना?” मैत्रीण म्हणाली, “नवरा छळायचा असं दाखव. वाचक जोडला जातो.”

हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. मराठीत चरित्रात्मक कादंबरी अशीच वाढली आहे. पण टिळकांवर ‘दुर्दम्य’ लिहिताना गंगाधर गाडगीळांच्या हाताशी ‘केसरी’तले लेख होते, राजद्रोहाच्या खटल्यांची कागदपत्रं होती, मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षं होती. ताराबाईंच्या बाबतीत हाताशी काय आहे? त्यांचं एक पुस्तक. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, मुलीला शिकवणारे होते, एवढी माहिती. नवरा घरजावई होता, ही आणखी एक. १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेऊन केलेलं लिखाण. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. पहिलंही जवळजवळ विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांसमोर आलं.

एवढी मोकळी जागा दिसली की कादंबरीकाराचा हात शिवशिवतो. घरजावई म्हटल्यावर तर काय, तीन प्रकरणं आयती तयार होतात.

पण ताराबाईंनी आपल्या रागाचं कारण लपवून ठेवलेलं नाही. १८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. बदनामीच्या भीतीने तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण वर्तमानपत्रांतून मग सगळ्याच बायकांच्या वागणुकीवर ताशेरे सुरू झाले. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली.

बघा, सुरत कुठे, बुलढाणा कुठे. ती गुजरातेतली, या वऱ्हाडातल्या. ती ब्राह्मण, या मराठा. ती विधवा, यांचं लग्न झालेलं. नात्यातली नाही, गावातली नाही. एका अनोळखी बाईला मिळालेली वागणूक यांना सहन झाली नाही, एवढंच ते कारण आहे. आणि ते कुणालाच पुरेसं वाटत नाही!

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीच्या प्रकरणावर मी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. कुणाला शिवी नाही, काही नाही. रात्री उंद्रीला आईला नातेवाइकांचे फोन. “पोरीचं काही बिनसलं काय व? जावयासोबत पटत नाही काय?” आईने मला विचारलं, “खरं सांग, तुले काही तरास हाय काय?” मला काहीच त्रास नव्हता. माझा नवरा त्या वेळी शेजारी बसून क्रिकेट बघत होता.

तेव्हा कळलं की ‘हिच्या घरी काय झालं असेल’ हा प्रश्न काळजीचा असतो, पण तो बाईचं बोलणं छोटं करतो. विचाराचं गाऱ्हाणं होतं, आणि गाऱ्हाण्यावर समजूत काढली की काम संपतं. टिळकांनी सरकारवर लिहिलं तेव्हा त्यांचं घरी कुणाशी बिनसलं होतं, असं कुणी विचारलं नाही. ताराबाईंना मी खोटा छळवादी नवरा दिला, तर त्यांचं राजकारण मीच त्यांच्याकडून काढून घेईन.

शिवाय या बाई स्वतः कादंबऱ्यांच्या कडक वाचक होत्या. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या त्या काळच्या गाजलेल्या कादंबऱ्यांतल्या बायका कशा रंगवल्या आहेत, याचा समाचार त्यांनी याच पुस्तकात घेतलाय. त्यांच्यावर कादंबरी लिहायची म्हणजे त्या वाचायला बसल्या आहेत असं समजूनच लिहावी लागते.

मग कल्पनेला काम उरतं का? भरपूर उरतं. तेव्हा मलकापूरपर्यंत रेल्वे आली होती. तिथून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढावा लागतो. पुण्या-मुंबईचं वर्तमानपत्र तो घाट कसं चढलं असेल? कचेरीतून घरी कसं पोचलं असेल? सगळ्यांचं वाचून झाल्यावर तो घडी मोडलेला कागद बाईंच्या हाती किती दिवसांनी लागला असेल? हे सगळं मी रचलं आहे, आणि रचताना मला अपराधी वाटत नाही. माझ्या कादंबरीतला नवरा साधा माणूस आहे. जेवतो, पान खातो, झोपतो. दिव्याचं तेल संपत आलं म्हणून एकदा कुरकुरतो. बाई वाचत राहतात.

मागच्या दिवाळीत ते प्रकरण मी आईला वाचून दाखवलं. ती कापसाच्या वाती वळत होती. शेवटी तिने विचारलं, “त्या सुरतेच्या पोरीचं मंग काय झालं?”

नवऱ्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही.